सात मुली आणि मांडवीचं पाणी

रत्नागिरीला मी आठ दिवसांसाठी म्हणून गेले आणि चाळीस दिवस राहून आले. परत आल्यापासून बार्शीत जो भेटतो तो एकच विचारतो, "काय बाई, आंबे नाही आणले?" आंब्याचे दिवस नव्हते हो. झाडांवर मोहोर होता आणि मोहोरात वाटाण्याएवढ्या कैऱ्या दिसायला लागल्या होत्या. आंबे आणले नाहीत, पण जे पाहिलं ते सांगायला बसले की चहा गार होतो आणि गोष्ट अर्धीच राहते. म्हणून लिहून काढते आहे.

मी शाळेत एकतीस वर्षं चित्रकला शिकवली. विद्या माझ्या हाताखालची. सातवीत असताना वहीच्या मागच्या पानावर सगळ्या शिक्षकांचे चेहरे काढायची आणि माझं नाक जरा जास्तच मोठं काढायची. लग्न होऊन ती रत्नागिरीला गेली, आणि आता मांडवीजवळ मुलींचं एक छोटं बालगृह चालवते. तिचा फोन आला. "बाई, माझ्याकडे सात मुली आहेत. सगळ्या एकट्या आलेल्या. कुणी कामाच्या शोधात, कुणी कामावरून पळून. सकाळी त्यांना समुद्रात नेतो, पोहायला शिकवतो. दुपारी चित्रं काढायला कुणीतरी हवं. याल?"

माझ्याकडे नाही म्हणायला काही कारण नव्हतं. यजमान जाऊन दोन वर्षं झाली, मुलगा बंगळूरला. खडू, रंग, कागदाचे दोन गठ्ठे आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा पिशवीत भरला आणि निघाले.

पहिले दिवस

आंबा घाट उतरला की हवा बदलते, हे मी ऐकलं होतं. पण अंगाला आधीच कळतं. कपाळ चिकट होतं, आणि आपल्याकडे जमीन जिथे काळी असते तिथे ही तांबडी, भोकं पडलेली. घरं त्याच जांभ्या दगडाची. विद्याचं बालगृहही तसंच, कौलारू, पुढे ओटा, मागे माडाची चार झाडं. स्वयंपाकघरातून येणारा वास माझ्या ओळखीचा नव्हता. मी मासे खात नाही. पहिल्या जेवणाला माझ्यासाठी कुळथाचं पिठलं केलेलं होतं आणि तांदळाची मऊ भाकरी. भाकरी म्हटल्यावर मी आशेनं हात पुढे केला होता. ज्वारीची सवय असलेल्या माणसाला ती भाकरी हातात धरल्यावर ओल्या रुमालासारखी वाटते. चटणीचा डबा काढला, म्हटलं आपला आधार आपल्याजवळ. डबा मुलींमध्ये एकदा फिरला तो रिकामाच परत आला. नेपाळहून आलेली माया बोटं चाटत म्हणाली, "बाई, तुमच्या गावाला हेच पिकतं का?"

माया सोळा वर्षांची, सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत बोलकी. तिच्या अगदी उलट सुकमनी. चौदा वर्षांची, झारखंडची, चार महिन्यांपूर्वी रत्नागिरीच्या फलाटावर एकटी बसलेली सापडली. गोव्याला बांधकामावर असलेल्या वडिलांकडे निघाले होते, एवढंच तिनं सांगितलं होतं. वडिलांचा फोन लागत नव्हता. गावाकडे आई नाही. काकाकडे परत जाणार नाही म्हणाली. चार महिन्यांत ती मराठी शिकली होती, पण इथली, रत्नागिरीची. झारखंडच्या मुलीच्या तोंडून "मला नको हां, पोट भरला माझा" ऐकलं की हसू यायचं.

पहिल्याच संध्याकाळी विद्यानं मला ओट्यावर बसवून एक गोष्ट सांगितली. "बाई, या मुलींना सारखं कुणीतरी काहीतरी विचारत असतं. पोलीस विचारतात, बालकल्याण समिती विचारते, डॉक्टर विचारतात, मीही विचारते. तुम्ही काही विचारू नका. नुसती चित्रं काढा."

मी मान डोलावली. एवढं सोपं काम, असंच मला वाटलं.

सकाळी सातला आम्ही मांडवीच्या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर जायचो. वाळू काळसर, सकाळी पायाला गार. मुलींना पोहायला शिकवायला गजातात्या यायचे. चाळीस वर्षं मच्छीमार बोटीवर काढलेला माणूस, आधी खलाशी, मग तांडेल म्हणजे बोटीचा मुख्य. कानाला कमी ऐकू येतं म्हणून स्वतःही ओरडून बोलायचे. पाण्यात एक जाड दोर, त्याचं एक टोक त्यांच्या कमरेला, आणि एका वेळी दोनच मुली, नारिंगी जॅकेट घातलेल्या. त्यांच्याबरोबर त्यांची सून सुजाता उतरायची. साडीचा काष्टा मारून ती लाटेत अशी शिरायची की मी आपली डोळे मिटून घ्यायचे.

आमच्याकडे नळाला चार दिवसांआड पाणी. मी आयुष्यात गुडघ्यापेक्षा खोल पाण्यात उतरलेले नाही. लहानपणी विहिरीत मुलगे उड्या मारायचे, मुली काठावर कपडे सांभाळत बसायच्या. इथेही मी तेच करायला लागले. टॉवेल सांभाळायचे.

"वायच पाय तरी भिजवा बाई!" तात्या पाण्यातून ओरडायचे.

"उद्या!" मी इकडून ओरडायचे.

सुकमनी मात्र पाण्यात वेगळीच व्हायची. घरात भिंतीला धरून चालणारी ती मुलगी लाट आली की आडवी होऊन तिच्यावर तरंगायची. तात्या म्हणाले, "ह्या पोरीला शिकवायचा काय हाय? ही पान्याला भारच देत नाय."

माझी चूक

तिसऱ्या दुपारी मी मुलींना म्हटलं, आज आपण इथवर आलो ती वाट काढू. डोंगर, बस, गाडी, जे आठवेल ते. शाळेत हा विषय मी दरवर्षी द्यायचे, 'माझा प्रवास'. मुलं खूश व्हायची.

मायानं बस काढली आणि बसच्या टपावर स्वतःला बसवलं. दोघीतिघींनी झाडंच काढली. सुकमनी बराच वेळ कागदाकडे बघत बसली होती. मग वाकली आणि भराभर काढायला लागली. तिची रेघ फार चांगली, न पुसता काढलेली. आगगाडीचा लांब डबा. उघडं दार. फलाटावर एक मुलगी, तिचे हात पुढे केलेले. आणि डब्यात दाराजवळ खाली एक छोटा आकार, गुडघे पोटाशी घेऊन झोपलेला.

एकतीस वर्षांची सवय. मुलाच्या खांद्यावरून वाकायचं आणि विचारायचं. मी वाकले आणि सगळ्यांसमोर, चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाले, "वा! आणि हा छोटा कोण गं?"

तिनं वर पाहिलं. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मग तिनं कागदाची घडी घातली, घडीवरून फाडला, तुकडे पुन्हा फाडले आणि मुठीत धरून मागच्या दारानं निघून गेली. त्या रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशी समुद्रावर आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही.

विद्या मला एका शब्दानं बोलली नाही. ते जास्त लागलं. मीच म्हटलं, "तू सांगितलं होतंस, आणि मी नेमकं तेच केलं."

"वर्गात विचारायचात तसंच विचारलंत," ती म्हणाली. "आमच्याकडून कधी चुकलं तर तुम्ही पुन्हा काढायला लावायचात. फाडू द्यायचा नाहीत."

मी पिशवी भरायला घेतली होती. पण जाऊन तरी काय करणार होते? बार्शीच्या घरात बसून तिची मूठच डोळ्यांपुढे आली असती.

पुळणीवर

सहाव्या दिवशी मी एकटीच पुळणीवर गेले. ओहोटी होती. पाणी फार लांब गेलं होतं आणि मागे उरलेली ओली वाळू पाटीसारखी सपाट. बारक्या खेकड्यांनी बिळाभोवती वाळूच्या गोळ्या मांडून ठेवल्या होत्या, एखाद्या बाईनं रांगोळीचे ठिपके द्यावेत तशा. वाळूत एक काठी पडलेली दिसली. उचलली आणि काढायला लागले. माझंच घर. पुढचं लिंबाचं झाड. आत कॉट, कॉटवर माझे यजमान, शेवटच्या महिन्यातले. आणि दारात मी, पाठमोरी. कारण ते गेले तेव्हा मी खोलीत नव्हते. दूध आणायला कोपऱ्यावर गेले होते आणि ओळखीची बाई भेटली म्हणून बोलत उभी राहिले. हे मी कुणाला, मुलालासुद्धा, सांगितलं नव्हतं. 

मान वर केली तर मुली आल्या होत्या. तात्यांच्या दोराची वाट बघत उभ्या होत्या. माया म्हणाली, "हे कोण झोपलंय?" आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

"विचार गं," मी म्हटलं. "माझं चित्र आहे, मला विचारलेलं चालतं." आणि मी त्यांना सांगितलं. दुधाचं, ओळखीच्या बाईचं, सगळं. मुली ऐकत राहिल्या. सुकमनी सगळ्यांच्या मागे होती. 

त्या दिवसापासून कागदाचे गठ्ठे मी कपाटात ठेवून दिले. ओहोटीची वेळ तात्यांना विचारायची आणि वाळूवर काढायचं. मोठं, हात दुखेपर्यंत. भरती यायला लागली की मुली ओरडत मागे सरायच्या आणि पाणी सगळं घेऊन जायचं. एका मुलीनं एवढं मोठं घर काढलं की त्यात आम्ही सगळ्या मावलो.

सुकमनी दोन दिवस लांब बसली. तिसऱ्या दिवशी तिनं काठी घेतली आणि रूळ काढले. नुसते रूळ, पुळणीच्या एका टोकापासून निघालेले. मी जवळ गेले नाही. ती स्वतःच येऊन माझ्या बाजूला बसली आणि म्हणाली, "कागद राहतो. मंग कोणतरी विचारतं."

आम्ही दोघी पाणी रुळांवरून जाताना बघत बसलो.

पाण्यात

दुसऱ्या दिवशी मायानं बंड केलं. "आम्ही तुमची चित्रं काढतो, तुम्ही आमच्या पाण्यात का नाही येत?" बाकीच्या टाळ्या वाजवायला लागल्या. सुजातानं मला नारिंगी जॅकेट चढवलं, त्याचे पट्टे ओढताना माझा श्वास अडकला. पंजाबी ड्रेस, गळ्यात चष्म्याची दोरी, असा माझा थाट. काठावर फिरायला आलेल्या दोन बायका थांबून बघायला लागल्या.

तात्या ओरडले, "सुकमनी, बाईंचा हात धर. सोडू नुको."

पहिली लाट पोटावर आली तेव्हा मी देवाचं नाव घेतलं. दुसरीनं पायाखालची वाळू ओढली. आपण उभे आहोत तीच जमीन निघून जाते, हे कोरड्या गावच्या माणसाला कुणी सांगितलं तरी समजत नाही. माझे दात वाजत होते आणि पाणी काही एवढं गार नव्हतं.

"बाई, लाटंकडे नका बघू," सुकमनी म्हणाली. "लांब बघा. लांब पानी हलत नाय."

मी लांब पाहिलं. तीही तिकडेच बघत होती. पाणी माझ्या छातीपर्यंत होतं, तिच्या खांद्यापर्यंत. आम्ही एकमेकींचा हात धरून उभ्या होतो आणि कुणी कुणाचा चेहरा बघत नव्हतं. तेव्हा ती बोलायला लागली. अर्धं हिंदीत, अर्धं इथल्या मराठीत.

"तो माझा भाऊ. बुधू. आठ वर्षांचा."

मी लांबच बघत राहिले.

"त्याला भूक लागली होती. मंग झोपला. गाडी थांबली तशी मी वडापाव आणायला उतरले. गाडी लवकर सुटली. मी धावले. एका माणसानं मला मागं ओढलान, म्हणाला मरशील. मंग पोलीस आले, म्हणाले बरोबर कोण आहे. मी म्हटलं कोणी नाय." लाट आली, गेली. "भाऊ आहे म्हटलं असतं तर विचारलं असतं, कुठं टाकलास त्याला?"

"आणि नंतर?"

"नंतर कसं सांगणार? रोज जास्त कठीण झालं. मी म्हणायचे, तो गोव्याला पोचला असंल. बाबा भेटला असंल. रोज रात्री म्हणायचे." तिनं माझा हात घट्ट धरला. "कोणाला सांगू नका, बाई."

मला हो म्हणता आलं असतं. तिनं विश्वासानं सांगितलं होतं, आणि पहिल्यांदा मोडलेला विश्वास मीच पुन्हा मोडणार होते. पण तो मुलगा आठ वर्षांचा होता.

"सुकमनी," मी म्हटलं, "खोटं नाही बोलणार. मी विद्याला सांगणार आहे. तुझ्या मागे नाही, तुझ्यासमोर. तू म्हणशील तेव्हा, पण आजच. कारण तो गोव्याला पोचला की नाही, ते तुला माहीत नाही आणि मलाही नाही."

तिनं हात सोडला नाही, एवढंच. आणखी चार-पाच लाटा आमच्या अंगावरून गेल्या. तात्या काठावरून ओरडत होते, "बाई, झोपलात काय उभ्या उभ्या?"

"तुम्ही बाजूला बसाल?" शेवटी ती म्हणाली.

दुपारी आम्ही तिघी ओट्यावर बसलो. सुकमनीनं सांगितलं, या वेळी एका दमात. विद्या ओरडली नाही, 'आधी का नाही बोललीस' असंही म्हणाली नाही. तिनं उठून पाणी आणलं, सुकमनीला दिलं आणि मग फोन हातात घेतला.

दक्षिणेकडे

पुढचे दोन दिवस फोनचेच. विद्या रेल्वे पोलिसांशी बोलत होती, खाली गोव्यापर्यंतच्या बालगृहांशी बोलत होती. माझे आठ दिवस संपले होते. मी जाण्याचं बोलले नाही आणि कुणी विचारलंही नाही. सुकमनी समुद्रावर यायची, पण पाण्यात उतरायची नाही. आता टॉवेल ती सांभाळायची आणि मी तात्यांच्या दोराला धरून पाण्यात. एकदा पाठीवर तरंगलेसुद्धा, पाच-सहा श्वास. मग नाकात पाणी गेलं आणि इतकी खोकले की सुजाता घाबरली.

तिसऱ्या दिवशी विद्याच्या फोनवर एक फोटो आला. सिंधुदुर्गातल्या एका बालगृहातून. चार महिन्यांपूर्वी गाडीत एकटा सापडलेला मुलगा, तिकीट तपासनिसानं उतरवून घेतलेला. नाव बुधवा सांगतो, बाकी सुरुवातीला त्याची भाषा कुणाला नीट समजली नव्हती. एक बहीण आहे असं म्हणायचा, पण भावाला शोधणारी बहीण कुठे नोंदलेलीच नव्हती.

सुकमनीनं फोन दोन्ही हातांत धरला. मग म्हणाली, "केस कापले त्याचे."

रत्नागिरीपासून गाडीनं तीन तास. एवढ्याच अंतरावर तो चार महिने होता.

परवानग्या मिळेपर्यंत आठ दिवस गेले. समितीची पत्रं, इकडची, तिकडची. निघालो तेव्हा सुकमनीनं मायाचा निळा ड्रेस घातला होता. गाडीत ती खिडकीशी बसली. एकदाच विचारलं, "तो मला ओळखील?"

विद्या म्हणाली, "ओळखेल. पण रागावलेला असेल. ते चालेल ना तुला?"

तिनं मान हलवली.

ते बालगृह एका चढावर होतं, अंगणात फणसाचं झाड. व्हरांड्यात मुलं जेवत होती. एक मुलगा ताट ठेवून उठला, भिंतीपर्यंत मागे गेला आणि तिथेच थांबला. फोटोतल्यापेक्षा उंच वाटला. सुकमनी पायरीवर उभी राहिली. पुढे गेली नाही. तिनं हातही पुढे केले नाहीत.

मग तो चालत आला आणि तिला मारायला लागला. मुठींनी, पोटावर, हातांवर, जिथे पोचेल तिथे. तिथले सर पुढे झाले, विद्यानं त्यांना हातानं थांबवलं. सुकमनी उभीच होती. तो मारता मारता ओरडत होता, आणि चार महिन्यांत त्याला तिथल्या पोरांची जी भाषा आली होती तीतच ओरडत होता, "खंय होतंस तू? खंय होतंस?"

तिला तो शब्द कळलाच नाही. रत्नागिरीत असं म्हणत नाहीत. ती त्यांच्या गावच्या बोलीत काहीतरी पुटपुटली. सर हळूच म्हणाले, "कुठे होतीस, असं विचारतोय."

तेव्हा ती खाली बसली, त्याच्या उंचीची झाली आणि सांगायला लागली. आम्हाला त्यातलं एक अक्षर समजलं नाही. समजायचं कारणही नव्हतं. मी फणसाच्या झाडाखाली जाऊन उभी राहिले आणि चष्मा पुसला, तो पुन्हा पुन्हा पुसावा लागला.

त्यांचे वडील अजून सापडलेले नाहीत. विद्या शोधते आहे. बुधूला रत्नागिरीतल्या मुलांच्या बालगृहात आणलं. मुलामुलींना एका छपराखाली ठेवता येत नाही, म्हणून भाऊ-बहीण रविवारी मांडवीला भेटतात. मी निघाले तोवर तो तिच्याशी बोलायला लागला नव्हता. पुळणीवर तिच्यापासून दहा पावलं लांब बसायचा, आणि ती त्याला ओढून जवळ आणायची नाही. पाण्याची भीती वाटणाऱ्या मुलींना तात्या जसे काठावर बसू देतात तशी ती त्याला बसू द्यायची.

काल रविवार होता. संध्याकाळी विद्याचा फोन आला आणि तिनं तो सुकमनीला दिला.

"बाई, आज काय झालं म्हायत्ये? त्याची चप्पल लाटंनं नेली. एकच. तसा तो उठला आणि मला हाक मारलीन."

"काय म्हणाला?"

"दीदी म्हणाला. जोरात. तात्यांना पन ऐकू गेलं."

"मग चप्पल मिळाली?"

"नाय," ती म्हणाली, आणि हसली. "आम्ही दोघं मागं धावलो पन."